ठणक्याचा ठ

सुईत दोराच नव्हता,
पहिल्यांदा मला तेच खटकलं.
तीस वर्षांत न ओवलेली सुई मी कापडाला लावलेली नाही,
आणि ही गोकाकची मुलगी, शिवलीला मॅडम,
दुसऱ्या गेटजवळच्या दवाखान्यात
माझ्या पोटरीत कोरडीच टोचते,
आतली गाठ धुंडाळते,
पोटरी मासळीसारखी एकदा उडते,
ना टाका, ना टीप,
सुई काढून म्हणते, झालं.

पाय गणपत गल्लीत मोडला.
अस्तर घेऊन येत होते, साडेतीन मीटर, राणी रंग.
गटारीवरची फरशी हलली.
घोट्यात आता पट्टी आहे, सहा स्क्रू आहेत.
प्लास्टर सुटून दोन महिने झाले
तरी पायडलवर ठेवला की घोटा
कोऱ्या बकरमसारखा, वाकतच नाही.

सुई दुखली नाही. रात्री दुखलं.
कुणी पोटरी आतून पिळून
तशीच वाळत घातल्यासारखं.
कमळाक्का म्हणाली, हलू नको अजिबात.
हलले नाही.
सकाळी शहापूरच्या आमच्या त्या अरुंद जिन्यावर
नवव्या पायरीपर्यंत देवांची नावं संपली.

फोन केला.
"ब्यानी ऐती?" शिवलीलानं विचारलं,
मग माझ्यासाठी, "दुकतंय काय?
हुतंय की तसं, एक-दोन दिवस.
गरम पाण्याची पिशवी ठेवा. पाणी पिवा.
सुई टोचली तिथं दाबत बसू नका.
मशीन आज नको,
पण गप पडून पण राहू नका.
अंगठ्यानं हवेत अक्षरं काढा."

खाटेच्या कडेला बसून काढली.
अ, आ, इ.
प्रत्येकाच्या डोक्यावर रेघ.
रेघ ओढताना घोटा आडवा जातो
आणि नेमका स्क्रूपाशी अडतो.
कमळाक्काची नात रिद्धी, चौथीतली,
डबा ठेवता ठेवता बघत होती.
"आजी, कन्नड काढ की. गोल असतंय."
वही आणली तिनं.
बॉबिनवर दोरा भरावा तशी अक्षरं.
अंगठा तिच्या बोटामागं फिरला
आणि घोटा वळला,
कुरकुरत, पण सगळ्या बाजूंनी.
कोर्टात काय चाललंय ते कोर्टाला ठाऊक,
माझ्या घोट्याला गोल पाहिजे होतं.

मग ठ आला.
वर भुवईएवढी रेघ, खाली गोल,
गोलाच्या मधोमध टिंब.
मी पोटरीकडं बघितलं.
लालसर गोल, मधोमध टिंब.
"ठणक्याचा ठ," मी म्हणाले.
रिद्धी हसली. "टिंब नाही दिलं तर र होतो, आजी."

तिसऱ्या दिवशी जिना उतरले. दुखत होतं,
पण पोटरी आता शिव्या देत नव्हती, नुसती बोलत होती.
दुकान उघडण्याआधी
पहिल्यांदाच पाटी नीट बघितली.
खाली मराठी, विठाई लेडीज टेलर्स,
सासूबाईंच्या नावानं.
वर कन्नड, दुंडाप्पा पेंटरनं लिहिलेलं,
कायदा म्हणून लावलेलं,
माझ्या लेखी नक्षी.
नक्षीत गोल सापडला.
टिंबाचा रंग कधीचा उडालेला.
म्हणजे इतकी वर्षं वरच्या ओळीत विराई.
कापड विरतं तशी,
आणि रस्त्यानं जाणाऱ्या निम्म्या गावाला ते दिसत होतं,
कुणी सांगितलं नाही.

दोन्ही सुया सारख्याच, असं मी म्हणणार नाही.
एक जोडते. दुसरी काय करते
ते मला अजून कळलेलं नाही.
पण महिन्याभरानं, चौथ्या सुईनंतर,
गरम पाणी, अक्षरं, गेटपर्यंत चालणं झाल्यावर
मॅडम म्हणाल्या, आता चवड्यांवर उभं राहून बघा,
भिंत धरून, दहा वेळा.

मी पाटी धरून उभी राहिले.
टाचा उचलल्या. पोटरी थरथरली.
हातात मार्किंगचा खडू होता,
गोलात टिंब दिलं.

खडूच तो. चार दिवसांत पुसला जाईल.
मग पुन्हा टाचा उचलाव्या लागतील.